विमा दाव्याच्या सर्वेक्षणाला नव्याने निघणाऱ्यास

पुण्यातील नवले पुलाजवळ उलटलेल्या ट्रकपाशी पोहोचताच चेपलेल्या भागावर कॅमेरा रोखण्याचा मोह आवरावा. आधी चारही कोपऱ्यांतून संपूर्ण वाहन, नोंदणी क्रमांक आणि सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक टिपावा, कारण त्याशिवाय जवळून घेतलेले नुकसानीचे छायाचित्र नेमके कोणत्या गाडीचे, हे दाव्याच्या फाइलमध्ये सिद्ध करणे अवघड जाते. गंज चढलेला जुना पोचाही वगळू नये. भोसरीच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये कामगाराचा हात सापडला असेल, तर यंत्राचे संरक्षक कवच आणि आणीबाणीचे बटण कोणत्या स्थितीत आहेत, हे साफसफाई होण्यापूर्वी टिपावे. जखमीचा चेहरा मात्र टाळावा. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत वेळेची व ठिकाणाची अंतर्गत नोंद उरत नाही, हे मी फार उशिरा शिकलो.