रॅमची एकच पट्टी, अडखळणारा गेम

प्रश्न : माझ्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे. गेम अडखळतात. दुकानदार ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतात. घ्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात नको. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच वाटा घेतं. म्हणजे ८ जीबीतही वाटेकरी! शिवाय डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन पट्ट्या ५१.२. खरी अडचण इथेच आहे. त्याच वेगाची, शक्यतो त्याच मॉडेलची ८ जीबीची दुसरी पट्टी घ्या. मदरबोर्डवर चार खाचा असतील, तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी वापरायची. शेजारी-शेजारी लावल्या तर फायदा बुडतो. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारा पर्याय, सुरू करा, नाहीतर पट्टी कमी वेगाने चालू शकते. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

पहिल्यांदा चालू करताना पडदा थोडा वेळ काळा राहतो, घाबरून बटण दाबू नका. तरीही चालू झालं नाही, तर वीज काढून पट्ट्या 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सोनेरी टोकं मळतात; मऊ खोडरबर हलकेच फिरवा.