चुंबक चिकटत नाही, मग नकली का?

प्रश्न : पुतण्यानं सिंगापूरहून किल्लीला लावायची पट्टी आणली. म्हणते, मोडलेल्या ए-३८० या दुमजली प्रवासी विमानाच्या पत्र्याची आहे. वर '९व्ही-एसकेए' कोरलं आहे. गावचा लोहार म्हणते, चुंबक चिकटत नाही, नकली आहे. खरं काय?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, उलटं आहे. चुंबक चिकटला असता तर मीच नकली म्हटलं असतं. तीस वर्षं विमानांचे रिव्हेट ठोकले, तो पत्रा ॲल्युमिनियमचा. तांबं वगैरे मिसळून कडक केलेला. ए-३८०च्या वरच्या अंगाला तर पातळ ॲल्युमिनियम आणि काचतंतू आलटून-पालटून चिकटवलेले असतात. पट्टीची कड भिंगाखाली धरा. चिरोट्यासारखे पदर दिसले तर मजाच! नाही दिसले तरी घाबरू नका, बाकीच्या अंगाला साधाच पत्रा असतो. कोरलेल्या अक्षरांवर मात्र जाऊ नका, ती कोणीही कोरतो.

'९व्ही-एसकेए' हा विमानाचा नोंदणी क्रमांक, आणि हे विमान मोठं मानाचं. ए-३८०चं पहिलं प्रवासी उड्डाण यानंच केलं: २५ ऑक्टोबर २००७, सिंगापूर ते सिडनी. दहा वर्षांचा भाडेकरार संपला, दुसरं गिऱ्हाईक मिळेना, शेवटी फ्रान्समधल्या तार्बला मोडलं. दहाच वर्षं! आमची बंडी त्याहून जुनी आहे.

आणि पट्टी घासू नका. माझी आमच्या घरच्यांनी चिंच लावून लख्ख केली. रंग गेला, अक्षरं पुसटली. आता ती कुठल्या विमानाची, मलाच सांगता येत नाही.