वाचकांचे प्रश्न : थोडं दिलं की फाईल हलते, हे खरंय का?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली) : वडील गेले, वारस नोंदीचा अर्ज दिलाय. कधीही जावा, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ नाहीतर ‘सर्व्हर डाऊन हाय’. झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एजंट म्हणतो तीन हजार द्या, मी बघतो. धाकटी शिवाजी विद्यापीठात इकॉनॉमिक्सला आहे, ती म्हणते पप्पा जगभर असंच असतंय, थोडी लाच म्हणजे वंगण, असं पुस्तकात पण आहे. यावर कुणी खरंच अभ्यास केलाय, का नुसत्या गप्पा?

उत्तर : अभ्यास भरपूर झालेत दादा, आणि लेक म्हणते ते पुस्तकात होतंच. नॅथॅनिएल लेफ या अमेरिकन अभ्यासकानं 1964 साली मांडलं होतं की कारभार ढिला असेल तर लाचेमुळं कामं निदान पुढं तरी सरकतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडं भ्रष्टाचारावरच्या सरकारी संथानम समितीचा रिपोर्ट आला, त्यात ‘स्पीड मनी’ची, म्हणजे काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या पैशांची दखल आहे, आणि 1968 मध्ये स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं, की पैसे मिळतात म्हणूनच उशीर मुद्दाम केला जातो. म्हणजे वंगण विकणाराच आधी चाकात खडे टाकतोय.

हे नुसतं मत राहिलं नाही. बर्ट्रांड, जांकोव, हॅना आणि मुल्लैनाथन या चौघा अर्थतज्ज्ञांनी दिल्लीत ड्रायव्हिंग लायसन काढणाऱ्या 822 जणांवर प्रयोग केला, 2007 मध्ये छापून आला. काहींना सांगितलं लवकर लायसन काढा, बक्षीस देतो. काहींना फुकट गाडी शिकवली. काहींना तसंच सोडलं. मग ज्यांना लायसन मिळालं त्यांची यांनी स्वतः वेगळी टेस्ट घेतली. लायसनवाल्यातल्या साधारण 71 टक्के लोकांनी आरटीओची टेस्ट दिलीच नव्हती आणि 62 टक्क्यांना धड गाडीच येत नव्हती! साहेबाच्या हातात थेट पैसे जवळजवळ कुणीच दिले नव्हते, सगळं एजंटकडून. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच, जो सरळ मार्गानं टेस्टला जायचा त्याला गाडी चांगली येत असली तरी बऱ्याचदा नापास करायचे, येतं का नाही याच्याशी संबंधच नाही, म्हणजे पुढच्या खेपेला माणूस आपणहून एजंटकडं जाणार. तुमचं ‘सर्व्हर डाऊन’ त्याच जातीचं असेल असं मी म्हणत नाही, कधीकधी सर्व्हर खरंच बंद असतो, पण एजंटनं सांगितलं की तो बरोबर चालू कसा होतोय?

आणि पैसा खालच्या माणसाच्या खिशात थांबतोच असं नाही. रॉबर्ट वेड या अभ्यासकानं दक्षिण भारतातल्या कालव्यांवर काम केलं, 1982 चा पेपर आहे, त्यात इंजिनिअरला चांगल्या पोस्टिंगसाठी वर पैसे भरावे लागायचे आणि मग ते शेतकऱ्यांकडून वसूल व्हायचे. पाण्याच्या पाळीसाठी रात्र रात्र चारीवर बसणाऱ्या माणसाला हे वाचून नवल वाटायचं नाही.

आता तुमच्या कामाचं. पेसाखिन आणि पिंटो या दोघा संशोधकांनी दिल्लीच्या झोपडपट्टीत रेशन कार्डाचे अर्ज चार प्रकारे द्यायला लावले : नुसता अर्ज, अर्ज अधिक संस्थेचं पत्र, अर्ज अधिक माहिती अधिकार, आणि अर्ज अधिक लाच. लाचवाल्यांचं कार्ड पहिलं आलं, खोटं कशाला बोला. पण माहिती अधिकारवाले त्यांच्या फार मागं नव्हते, आणि बाकीचे दोन्ही गट बहुतेक लटकलेले. त्यामुळं आधी अर्जाची तारखेची पोच हातात घ्या. मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून : माझ्या अर्जावर कुठल्या तारखेला काय झालं, आज तो कुणाच्या टेबलावर आहे. आपल्या राज्यात एक विषय आणि 150 शब्द एवढीच मुभा आहे, तेव्हा रामायण लिहू नका. उत्तराला 30 दिवस. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवांची यादी मुदतीसकट ऑफिसात बोर्डावर लावायची असते, ती बघा, तुमची सेवा त्यात असली आणि मुदत उलटली तर अपील करता येतं, चूक ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड.

तीन हजार देऊन मोकळं व्हावं असं वाटत असेल तर 2018 पासून देणारा पण गुन्हेगार आहे हे लक्षात ठेवा. जबरदस्तीनं द्यावे लागले तर सात दिवसांच्या आत तक्रार केली की देणाऱ्याला गुन्ह्यातून सूट मिळते. देण्याआधीच केलेली बरी, लाचलुचपत विभागाचा नंबर 1064.

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा) : सगळं ऑनलाइन झालं म्हणतात, मग एजंट अजून का लागतो?

उत्तर : जिथं कुणाची मंजुरी लागत नाही तिथं नाही लागत. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयात घरी निघतो, त्यात एजंटला काय मिळणार? पण फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलताना, हरकतीची 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, म्हणजे अर्ज स्क्रीनवर असला तरी कुणाच्या तरी लॉगिनला थांबतोच. तिथं ‘त्रुटी आहे’ म्हणून परत आला तर सगळ्या त्रुटी एकदम आणि लेखी मागा, नाहीतर दर आठवड्याला एक नवीन निघत राहते.