गाड्या सारख्या, पण जॉबर कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा: पार्क चौकात चहा पिताना चौघा मित्रांत वाद झाला. एफ वनच्या, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या, सगळ्या गाड्या अगदी सारख्या केल्या तर कोण जिंकेल? एक म्हणतो व्हर्स्टॅपेन, दुसरा हॅमिल्टन, तिसरा अलोन्सो. चौथ्याचं म्हणणं, ड्रायव्हर कुणीही बसवा, सगळी गाडीची कमाल. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, आपला कुणी भारतीय टिकला असता का?

आधी उत्तर देऊन टाकतो. वर्षभराच्या चोवीस शर्यती असतील तर व्हर्स्टॅपेन. एकच शर्यत असेल तर मी चहाचे पैसेसुद्धा लावणार नाही.

हा खेळ लोकांनी खरोखर करून बघितलाय. १२ मे १९८४. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला मर्सिडीजने आपली १९० ई ही चार दारांची गाडी वीस ड्रायव्हरना दिली. सगळ्यांना तीच. बसणारे कोण? जॅक ब्रॅबम, जॉन सर्टीस, जेम्स हंट, केके रॉसबर्ग, निकी लाउडा, एकाहून एक जगज्जेते. सगळ्यात पुढे उभा होता अलँ प्रॉस्ट. आणि या मातब्बरांत एक पोरगं, एफ वनमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झालेलं, टोलमनसारख्या छोट्या संघाचं. आयर्टन सेना. ट्रॅक ओला होता. पोरगं पहिलं आलं, लाउडा दुसरा, कार्लोस रॉयटेमान तिसरा. प्रॉस्ट धक्काबुक्कीत मागे पडून पंधरावा. (फ्रँकफर्टच्या विमानतळावरून सेनाला ट्रॅकपर्यंत आपल्या गाडीतून नेलं होतं ते प्रॉस्टनेच. पुढे दोघांत जे हाडवैर झालं ते बघता ही लिफ्ट त्याला महागात पडली.)

यूट्यूबवर या शर्यतीखाली सगळे लिहितात, बघा, सारखी गाडी दिली की हिरा चमकतो. मान्य. पण त्याच वर्षाचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. त्या हंगामात लाउडा आणि प्रॉस्ट एकाच मॅक्लारेन संघात, एकाच बनावटीच्या गाडीत होते. प्रॉस्टने सात शर्यती जिंकल्या, लाउडाने पाच. जगज्जेता झाला लाउडा, ७२ विरुद्ध ७१.५, अर्ध्या गुणाने. आता सांगा, सारख्या गाडीत कोण श्रेष्ठ? वेग विचारत असाल तर प्रॉस्ट. वर्षभराचा हिशोब विचारत असाल तर लाउडा. चहाच्या गाड्यावर भांडण होतं ते इथेच, कारण प्रत्येकाच्या मनातली शर्यत वेगळी असते.

आता 'सारखी गाडी' या शब्दाकडे येतो. माझी खरी तक्रार या शब्दाशी आहे.

अक्कलकोट रोडला आमची टॉवेलची शेड होती. बारा माग. एकाच कारखान्यातून, एकाच खेपेला आलेले, नंबरप्लेट सोडली तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण सात नंबरच्या मागावर जो विणकर पाळीला सगळ्यात जास्त माल काढायचा, त्याला चार नंबरवर बसवला की तार तुटायला सुरुवात. माणूस तोच, माग तसाच. सात नंबर त्याच्या हाताला बसला होता. दुसरं म्हणजे जॉबर, माग जुळवून देणारा कारागीर. धोट्याची वेळ, ताण्याचा ताण, हे सगळं जॉबर लावणार. चांगला जॉबर सुट्टीवर गेला की बाराच्या बारा माग रडायचे. आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी झाली की सूत कडक होऊन तुटायचं, तेव्हा जो विणकर थंडीत पहिला तो उन्हाळ्यात पाचवा. एफ वनमध्ये सुताच्या जागी टायर म्हणा, जॉबरच्या जागी रेस इंजिनिअर. बाकी हिशोब तोच.

म्हणजे तुम्ही वीस जणांना सारखी गाडी दिली तरी ती वीस जणांच्या हाताला सारखी बसत नाही. व्हर्स्टॅपेनच्या रेड बुल संघाचंच बघा. व्हर्स्टॅपेनला गाडीचं पुढचं टोक प्रचंड टोकदार लागतं, स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच वळलं पाहिजे, मागची बाजू सैल असली तरी तो सांभाळतो. त्याच्या शेजारी बसलेल्या अल्बॉनने याची तुलना कॉम्प्युटरच्या माउसची सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत वाढवण्याशी केली होती. २०२४ मध्ये व्हर्स्टॅपेनचे ४३७ गुण, त्याच संघात पेरेझचे १५२. २०२५ मध्ये लॉसनला तर दोन शर्यतींतच खाली उतरवलं. पेरेझ, लॉसन, गॅस्ली हे त्याचे जोडीदार काय गाडी चालवायला न येणारे लोक आहेत? रिकार्डोचं उदाहरण याहून बोलकं. २०१४ मध्ये सलग चार वेळा जगज्जेता झालेल्या व्हेटेलला त्याने एकाच संघात २३८ विरुद्ध १६७ असं हरवलं. तोच रिकार्डो २०२१ मध्ये मॅक्लारेनमध्ये गेला आणि नॉरिसच्या मागे पडला, ११५ विरुद्ध १६०. मॅक्लारेनला ब्रेक मारायची पद्धत वेगळी लागायची, ती त्याच्या पायात कधी बसलीच नाही. हाताला बसणारी गाडी मिळाली की माणूस सिंह, नाही मिळाली की त्याच माणसाला लोक निवृत्त व्हायला सांगतात.

म्हणून सारख्या गाड्यांचा प्रश्न विचारताना पहिला उलटा प्रश्न हा, की कुणाच्या मापाची सारखी गाडी? नाक टोकदार ठेवलं तर व्हर्स्टॅपेन आणि लक्लेर सगळ्यांना धुतील. शांत, मागून पक्की बसलेली गाडी दिली तर मधल्या फळीतले चार-पाच जण अचानक वर येतील. अलोन्सो मात्र असा माणूस की काहीही द्या, तीन लॅपमध्ये जुळवून घेणार. म्हणून एकाच शर्यतीसाठी, सराव न देता, अनोळखी गाडी दिली तर माझं मत अलोन्सोकडे झुकतं, वय काहीही असो.

अमेरिकेत हा प्रयोग वर्षानुवर्षं चालला. १९७३ च्या शरद ऋतूत आयरॉक म्हणून मालिका सुरू झाली, वेगवेगळ्या प्रकारच्या मोटार शर्यतींतले बारा ड्रायव्हर आणि सारख्या पोर्शे. फिटिपाल्डी, हुल्मसारखे एफ वनवाले, रिचर्ड पेटी, फॉइट असे तिकडचे दादा. पहिल्या खेपेला जिंकला मार्क डोनोह्यू, जो शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर होता. मला हे फार सूचक वाटतं. पुढे मालिका स्टॉक कारकडे, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवाल्यांकडे झुकली आणि मार्क मार्टिनने ती पाच वेळा जिंकली. म्हणजे गाड्या सारख्या ठेवल्या तरी शर्यतीचा बाज कुणाच्या घरचा हे राहतंच.

एफ वनच्या खालची पायरी म्हणजे फॉर्म्युला टू, तिथे आजही सगळ्यांची चॅसी (सांगाडा), इंजिन, टायर एकच. २०१८ ला तिथे रसेल पहिला, नॉरिस दुसरा, अल्बॉन तिसरा. म्हणजे चाळणी बरी आहे. पण व्हर्स्टॅपेनने ती परीक्षा दिलीच नाही. तो २०१४ च्या युरोपियन एफ थ्रीमधून थेट वर आला, जिथे गाड्या जवळजवळ सारख्या होत्या. दहा शर्यती जिंकल्या त्याने, कुणाहीपेक्षा जास्त. नंबर तिसरा आला. विजेतेपद ओकॉनला. अर्थात व्हर्स्टॅपेनचं ते कारमधलं पहिलंच वर्ष, त्याआधी नुसतं कार्टिंग. माझं आजचं उत्तर याच हंगामावर उभं आहे, कारण तेव्हा त्याला कमी पडायचा तो हिशोब, लाउडावाला. तो त्याने नंतर कमावला.

चौथ्या मित्राला मात्र हसू नका. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एफ वनच्या सगळ्या इतिहासाचं गणित मांडलं, त्यात ड्रायव्हर आणि संघ यांच्यामुळे पडणाऱ्या फरकात ८६ टक्के वाटा संघाचा निघाला. ड्रायव्हरांत पहिला फॅन्जिओ, आणि पावसात व शहरातल्या रस्त्यांवर संघाचा वाटा कमी होतो. हे शेवटचं तुमच्या वादाला उपयोगी आहे. सारखी गाडी द्यायला कुणी येणार नाही, पण पाऊस येतो. मोनॅकोच्या रस्त्यांवर किंवा पावसात कोण कुठे आलं ते दहा वर्षांचं काढून बघा, निम्मं भांडण मिटेल. हॅमिल्टनवाल्या मित्राची बाजू तिथे बरीच जड होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

राहिला भारतीयांचा प्रश्न. नारायण कार्तिकेयनचे एफ वनमधले सगळे गुण पाच, तेही २००५ ला इंडियानापोलिसला, जिथे टायरच्या घोळामुळे सहाच गाड्या धावल्या. लोक त्यावरून त्याला हिणवतात. पण ए वन जीपी नावाची देशादेशांची मालिका होती, सगळ्यांना एकच लोला गाडी. डिसेंबर २००७ ला चीनमध्ये झुहाईला तिथे कार्तिकेयन भारतासाठी जिंकला, नंतर इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचलाही. कुश मैनी २०२५ ला मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, जिंकला, तीही सारख्याच गाडीत. म्हणजे जगज्जेता नाही, पण दहाच्या आत-बाहेर नक्की. आणि ज्या हंगामात कार्तिकेयन झुहाईला जिंकला, त्या हंगामाचं विजेतेपद स्वित्झर्लंडला मिळालं. गाडीत होता नील जानी, ज्याचे वडील भारतीय.