वाचकांचे प्रश्न : राम्श्टाइनचा ‘मुटर’

प्रश्न : दिवाळीनंतर आमचे कापसाचे जिनिंग सुरू झाले की पाळीभर रेच्यांचा, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, आवाज कानात भरलेला असतो. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने राम्श्टाइन या जर्मन बँडचा ‘मुटर’ हा अल्बम मोबाइलमध्ये भरून दिला, तर तोही मला कारखान्यासारखाच वाटला. त्यातले ड्रम यंत्र वाजवते का? आणि एका गाण्याच्या आरंभी आकडे कसले मोजतात?
— एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : या शैलीला इंडस्ट्रियल मेटलच म्हणतात, त्यामुळे आपल्या कानांनी अचूक हेरले आहे, ड्रम मात्र क्रिस्टोफ श्नायडर हा हाडामांसाचा वादक वाजवतो. यंत्राचा भास होतो तो मुख्यतः गिटारमुळे. रिशार्ड क्रुस्पे आणि पाउल लांडर्स उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर टेकवून आघात करतात, त्यामुळे सूर लांबत नाही, जागीच तुटतो. रेचा पाळीभर अखंड घरघरत राहतो. इथे दोन आघातांमध्ये क्षणभर सारे थांबते आणि या संगीताचा दरारा, माझ्या मते, त्या थांबण्यात आहे.

आकडे ‘झोने’, म्हणजे ‘सूर्य’, या गाण्यातले. व्हिताली क्लिच्को या मुष्टियोद्ध्याच्या रिंगणातील प्रवेशासाठी ते मुळात रचले गेले होते. पंच खाली पडलेल्या खेळाडूसाठी दहापर्यंत मोजतात. इथे नऊ झाले की दहाच्या जागी थेट ‘संपले’ असा पुकारा होतो.

अल्बम २००१ च्या एप्रिलमध्ये आला. ध्वनिमुद्रण आदल्या वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये झाले आणि निर्माता होता याकोब हेल्नर. १९९५ आणि १९९७ च्या आधीच्या दोन अल्बमांपेक्षा यातला वाद्यवृंद अधिक भरीव आहे. ‘माइन हेर्त्स ब्रेन्ट’ हे पहिलेच गाणे तंतुवाद्यांनी उघडते आणि गिटार मागाहून कोसळतात.

‘मुटर’ म्हणजे ‘आई’. शीर्षकगीत आईवर असले तरी ती थोरवी नव्हे. आईच्या गर्भाशयात न वाढता जन्मलेले, आईचे दूध न मिळालेले मूल तिच्यावर सूड उगवू पाहते, आणि गायक टिल लिंडेमानचा खर्जातला आवाज ध्रुवपदात तिलाच शक्ती मागतो. मुखपृष्ठावर जतन केलेल्या मृत अर्भकाचा चेहरा आहे, तेव्हा घरातल्या लहानांच्या हाती मोबाइल देताना एवढे ध्यानात असू द्यावे.