जळगावात पहिल्यांदा जेवायला येताय ना?

भाऊ, पहिल्याच दिवशी सगळं मेनूकार्ड मागवू नका. भरीत थंडीतच खा. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात का, ते मागे डोकावून बघा. धुराचा वास नसेल तर गॅसवरचं समजा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण पाटीवर नाव लिहिलं म्हणून वांगं तिकडचंच असतं असं नाही.

शेवभाजीत नवखे हमखास फसतात:
- शेव वेगळी मागा, खाताना टाका. मी एकदा फोनवर बोलत बसलो, वाटीत नुसता लगदा उरला.
- पहिल्यांदा ‘तर्री कमी’ सांगा. लाजायचं काय त्यात?

सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घ्या, तंदूर रोटी नको. मांडे पुढच्या खेपेला.