हवामान बदलाला खरंच माणूस जबाबदार आहे का? थांबवायचं कसं?
हो, माणूसच. हवामान पूर्वीपण बदलायचं, पण कारखाने यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख कणांत 280) होता तो आता 420 च्या वर गेलाय आणि हा जास्तीचा बहुतेक कोळसा-तेलाचाच आहे हे त्यातल्या कार्बनच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार) कळतं. हा वायू उष्णता अडवतो, म्हणून हवा तापते. हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, मग पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो. नाशिककडे निफाड-दिंडोरीत द्राक्षात साखर भरताना अवकाळी आला की मणी तडकतात, वर्षाचं कर्ज डोक्यावर, फार वाईट वाटतं बघून.

झाडं लावाच, पण मुख्य म्हणजे कोळसा कमी व्हायला पाहिजे, आपलं एकलहऱ्याचं थर्मल वीज केंद्र त्यावरच चालतं. छतावर सोलर, शेतात सोलर पंप, शहरात सिटीलिंकची बस. आणि मतं मागायला येतील त्यांना विचारा वीज कशापासून करणार म्हणून.